खडकवाडीच्या न भरलेल्या बाजाराची बातमी

जिल्हा दैनिकाच्या ग्रामीण पानावर छापले जाणारे बरेच कार्यक्रम, बातमी लिहिली जाते तेव्हा झालेले नसतात. नोकरीत असताना हे वाक्य मी लिहिलं नसतं. आता निवृत्त झालो आहे आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'समाजातील प्रसारमाध्यमांची भूमिका' या विषयावर अनुभव मागितला आहे, म्हणून लिहितो.

कारण साधं आहे. ग्रामीण पान दुपारी चार वाजता सुटतं, म्हणजे पूर्ण करून छपाईकडे पाठवलं जातं. कार्यक्रमाची वेळ तीनची असते आणि पाहुणे पाचला येतात. त्यामुळे गावोगावचे वार्ताहर सकाळीच बातमी लिहून पाठवतात, सगळी भूतकाळात. दीपप्रज्वलन झालेलं असतं, शाल-श्रीफळ दिलेलं असतं, पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केलेलं असतं. मार्गदर्शनाचा सारांशही सोबत असतो. तीस वर्षांत एकाही पाहुण्याने 'मी असं बोललोच नव्हतो' अशी तक्रार केली नाही.

या पद्धतीला एकच नियम होता. कार्यक्रम रद्द झाला तर वार्ताहराने चारच्या आत 'थांबवा' असं कळवायचं आणि डेस्कने बातमी पानावरून काढून टाकायची. नांदेडच्या आमच्या कार्यालयात हा डेस्क माझ्याकडे होता.

त्याआधी आठ वर्षं मी लातूरला होतो. लोक छापील मजकुराकडे कसं पाहतात, हे मला तिथे कळलं. एका अडत दुकानदाराचे वडील वारले. त्याने निधनाची बातमी दिली आणि परिवाराच्या यादीत दोन जावयांपैकी एकाचंच नाव दिलं. तो जावई नगरसेवक होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुसरे जावई चाकूरहून कार्यालयात आले. अंगात पांढरा सदरा, हातात घडी केलेला अंक.

"सासरे वारले ते खरं हाय," ते म्हणाले. "पर म्या कधी वारलो?"

मी म्हणालो, यादी घरच्यांनी दिली होती.

"घरच्यांचं मी बघतो की ओ. तुमी काय केलं ते सांगा. सकाळपासून तीन जण भेटले. एकानं तर बायकोला विचारलं, काडीमोड झाला का म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळी छापल्या की कैलासवासींना चाकूर येथील आणखी एक जावई आहेत. ते येऊन वीस अंक घेऊन गेले. जे पेपरात नाही ते झालं नाही, असं लोक धरून चालतात, एवढं मी त्यावरून टिपून ठेवलं. याची दुसरी बाजू खडकवाडीने दाखवली.

खडकवाडी लोहा तालुक्यात आहे. गावाचं नाव मी बदललं आहे. गावाला आठवडी बाजार नव्हता. वांगी, शेपू, मिरची पिकवणाऱ्या बायका टोपली घेऊन शेअर रिक्षाने लोह्याला जात. जाण्यायेण्यात दिवस मोडे आणि ज्यांना रिक्षात चढणं होत नव्हतं त्यांचा भाजीपाला घरीच सुके. अनुसयाबाई सरपंच झाल्या त्या याच एका शब्दावर, की गावात बाजार भरवीन. ग्रामपंचायतीने गुरुवार ठरवला, शाळेमागची जागा सपाट केली आणि उद्घाटनाला एका पुढाऱ्यांना बोलावलं.

लोह्याचे आमचे वार्ताहर गंगाधरराव. बसस्थानकासमोर त्यांचं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान. बातमी ते मनापासून लिहीत, विशेषणंही मनापासून वापरत. त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला त्यांची बातमी आली: खडकवाडीत आठवडी बाजाराचा थाटात शुभारंभ, पंचक्रोशीतील नागरिकांची झुंबड, पहिल्याच दिवशी दीडशे दुकाने थाटली.

दीडशे मला जास्त वाटली. एवढ्या गावात पहिल्या दिवशी दीडशे दुकानं लागणार नाहीत, असा विचार करून मी शंभर केली. अतिशयोक्तीच्या बाबतीत मी कडक होतो.

दुपारी एक वाजता पुढाऱ्यांचा निरोप आला की एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला जावं लागत आहे. पुढारी येणार नाहीत म्हटल्यावर मंडप उतरवला गेला. मंडप उतरलेला पाहून जे थोडे दुकानदार टेम्पो घेऊन आले होते ते मागच्या मागे वळले. मैदानावर एक बांगड्यांची टोपली आणि एक भज्यांचा गाडा उरला. भजीवाला राहिला, कारण तेल तापलं होतं.

गंगाधररावांनी नियमाप्रमाणे एक वाजून पन्नास मिनिटांनी वार्ताहरांच्या ग्रुपवर 'खडकवाडी बाजार थांबवा' असं लिहिलं. त्या दिवशी मुखेडच्या वार्ताहराचा वाढदिवस होता. ग्रुपवर नव्वद माणसं होती आणि बहुतेकांनी केकचं चित्र पाठवलं होतं. गंगाधररावांचा निरोप दोन केकच्या मधे होता. मी मोबाइलवर बोट फिरवत केक पुढे सरकवले. त्यांच्यासोबत निरोपही सरकला. चार वाजता पान सुटलं. बातमी तीन कॉलम होती.

शुक्रवारी सकाळी आठला गंगाधररावांचा फोन आला.

"साहेब, बाजार छापून आला की वो!"

"हो. चांगली जागा मिळाली."

"जागेचं न्हाई साहेब. बाजार भरलाच न्हाई!"

मी अंक ओढून ते पान उघडलं.

"म्या थांबवा म्हनलो होतो. मुखेडच्या केकाखाली बगा."

मी पाहिलं. निरोप होता. चूक माझी होती, त्यांची नव्हती, आणि हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. चुकीची बातमी गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, हा आमच्याकडे पाळला जाणारा नियम होता आणि तोवर मी तो एकदाही मोडला नव्हता. कार्यालयात येताच मी चार ओळी लिहिल्या: खडकवाडी येथील आठवडी बाजार गुरुवारी भरला नाही. तो भरल्याचे वृत्त नजरचुकीने प्रसिद्ध झाले. त्याबद्दल दिलगीर आहोत.

कागदावरची शाई वाळते न वाळते तोच शिपायाने सांगितलं की खडकवाडीच्या सरपंच आल्या आहेत.

अनुसयाबाई पन्नाशीच्या, उंच. सोबत त्यांचे पती होते. मी दोघांना बसायला सांगितलं आणि माफी मागायला सुरुवात केली. पतींनी घसा साफ केला.

"त्याचं असं हाय साहेब, ग्रामपंचायतीच्या वतीनं मी…"

"तुमी गप बसा," अनुसयाबाई म्हणाल्या. "सरपंच म्या हाय."

ते गप्प बसले. मग परत जाईपर्यंत बोलले नाहीत.

मी चार ओळींचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो की उद्या हे छापतो आहोत.

त्यांनी कागद वाचला. घडी घातली. माझ्याकडे परत सरकवला.

"हे छापू नका."

"बाई, बातमी खोटी आहे."

"खोटी हाय ते मला म्हाईत न्हाई का? म्या तिथंच होते सांजवरी. भजे खाल्ले." त्यांनी पिशवीतून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "सकाळधरून सतरा फोन आले. कंधारचा कापडवाला, लोह्याचा मसालेवाला, अहमदपूरचा लसणाचा. समदे एकच इचारतेत, शंबर दुकानं लागली म्हने, आमाला जागा उरली का?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. फिरत्या दुकानदारांचे आठवड्याचे सातही दिवस बांधलेले असतात. गुरुवारी नवीन गावात जायचं तर जुनं गाव सोडावं लागतं. अनुसयाबाई सहा महिने दुकानदारांच्या घरी जात होत्या. कापडवाला विचारी, मसालेवाला येणार का? मसालेवाला विचारी, भाजीवाले येणार का? भाजीवाल्या बायका म्हणत, गिऱ्हाईक येणार का? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता. शुक्रवारी सकाळी प्रत्येकाने पेपरात वाचलं की बाकीचे सगळे गेले आणि आपणच राहिलो.

"येका गुरुवाराचा सवाल हाय साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी उद्या हे छापलं तर परत सहा महिने म्या दारोदार. आन् आता तर म्हनतील, ही बाई पेपरात खोटं छापून आनती."

मी नियम सांगितला.

"नियम तुमचा हाय. बाजार माजा हाय."

त्या गेल्यावर मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी दुरुस्ती छापली नाही. याचं समर्थन मी करत नाही. वाचकाला चुकीची माहिती दिली, ती चूक कळली आणि ती सुधारली नाही, असे पंधरा दिवस माझ्या नोकरीत आहेत.

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकून खडकवाडीला गेलो. बाजार भरला होता. टेम्पो होते, ताडपत्र्या होत्या, शेवेचे ढीग होते, प्लास्टिकच्या बादल्या होत्या. पोरं शाळेच्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि गुरुजीही बघत होते. एक म्हातारी पालकाच्या जुड्या घेऊन घरापासून चालत आली होती. तिच्या शेजारणीने मला सांगितलं की तिने याआधी स्वतःच्या हाताने भाजी विकली त्याला तीन वर्षं झाली.

मी ठरवलं होतं की या वेळी आकडा खरा द्यायचा. दुकानं मी स्वतः मोजली, दोनदा. जमिनीवर किंवा गाड्यावर मांडलेलं ते दुकान, असं धरलं. एक जण मोटारसायकलवर बसूनच लसूण विकत होता. तो उतरला नाही म्हणून धरला नाही. दुकानं एकसष्ट भरली.

गंगाधरराव माझ्यामागे वही घेऊन चालत होते. "साहेब, गेल्या खेपेला शंबर होते," ते म्हणाले.

"गेल्या खेपेला दोन होते."

"ते आपल्याला म्हाईत. पेपरला शंबर म्हाईत हाय."

मी ऐकलं नाही. शुक्रवारी एक कॉलम बातमी छापली: खडकवाडीच्या गुरुवारच्या बाजारात एकसष्ट दुकाने. गेल्या आठवड्याचा उल्लेख कुठेही केला नाही. वाक्यं चार होती आणि चारही खरी होती. त्या पानावर त्या दिवशी एवढी खरी बातमी दुसरी नसावी.

तालुक्यात ती अशी वाचली गेली: गेल्या आठवड्यात शंभर, या आठवड्यात एकसष्ट. गंगाधररावांनी दुपारी बसस्थानकावरच्या हॉटेलातून फोन केला. मागे कपबशांचा आवाज येत होता. "साहेब, इथं समदे बाजाराचंच बोलून राहिले. येकाच आठवड्यात चाळीस दुकानं पळाली म्हनतेत. जागेत काही दोष असंल, असंबी एक जण म्हनला. एकजण म्हनतो, सरपंच जागेचे पैसे लई घेती."

"त्या पैसे घेतच नाहीत."

"मला कामून सांगता? हॉटेलात येऊन सांगा."

तिसऱ्या गुरुवारी अडतीस दुकानं आली. कापडवाला आला नाही. कापडवाला नाही म्हणून मसालेवाला आला नाही. संध्याकाळी पाच वाजता अनुसयाबाईंचा फोन आला. आवाज शांत होता. मला ओरडणारी माणसं बरी वाटतात.

"साहेब, एक सांगा. तुमी खोटं छापलं तवा माजा बाजार भरला. खरं छापलं तवा मोडायला लागला. आता म्या तुमाला काय म्हनावं?"

मी म्हणालो की एकसष्ट हा आकडा बरोबर होता.

"बरुबर हाय की. पर कशाच्या फुडं ठेवला तुमी त्यो? शंबराच्या फुडं! एकसष्ट म्हंजे पहिल्याच बाजाराला लई झाले. लोह्याच्या बाजाराला पहिल्या दिवशी एवढे नसतील. पर तुमी त्यो दुसरा बाजार करून टाकला."

त्या बोलत होत्या ते बिनचूक होतं. मी तीस वर्षं आकडे तपासत होतो. आकडा कोणत्या आकड्यानंतर छापला जातो हे तपासायचं राहून गेलं होतं.

"त्यो तुमचा कागद हाय का?" त्यांनी विचारलं. "म्या छापू दिला न्हाई त्यो?"

"आहे."

"छापा आता."

मी म्हणालो, "बाई, त्यात लिहिलं आहे की बाजार भरला नव्हता."

"मंग! भरलाच नव्हता. लोकाला कळू द्या की शंबर कधी नव्हतेच. एकसष्टपासून मोजा म्हनावं."

आधीचा कागद मी ड्रॉवरमधून काढला, 'गुरुवारी'पुढे तारीख घातली आणि एक वाक्य जोडलं: खडकवाडीचा पहिला बाजार त्यापुढील गुरुवारी भरला व त्यात एकसष्ट दुकाने होती. शनिवारी दुरुस्ती छापली. मुख्य कार्यालयाने लेखी विचारलं की पहिल्या दिवसाची चूक पंधरा दिवसांनी का सुधारली. मी लेखी उत्तर दिलं की बाजार भरण्याची वाट पाहत होतो. त्यावर पुढे काही आलं नाही. उत्तर त्यांना कळलं नसावं, किंवा कळलं असावं.

दुरुस्ती कुठे छापतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं. चूक तीन कॉलम असते. दुरुस्ती पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असते, शक्यतो दोन जाहिरातींच्या मधे. ती छापणं हे आमचं कर्तव्य असतं आणि ती कोणी वाचू नये ही आमची इच्छा असते. खडकवाडीची दुरुस्तीही कोणी वाचली नाही. शनिवारी फोन आला नाही, रविवारी आला नाही. सोमवारी दुपारी अनुसयाबाईंचा आला.

"छापलं का?"

"छापलं."

"कुठं?"

मी पान आणि कोपरा सांगितला. फोनवर कागद उलगडण्याचा आवाज आला. बराच वेळ आला.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "हे मुंग्यांसाठी छापलं का साहेब?"

मी म्हणालो की दुरुस्तीची पद्धत तशीच आहे.

"बरं. मग आमच्या पद्धतीनं करतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी गंगाधररावांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. सोबत 'साहेब, माफ करा, ऑर्डर आली म्हणून छापलं' असं लिहिलं होतं. बाजाराच्या तोंडाशी दोन बल्ल्यांवर पंधरा फुटी फ्लेक्स उभा केला होता. वर मोठ्या लाल अक्षरांत 'पेपरने चूक मान्य केली! पहिल्याच बाजारात ६१ दुकाने!' खाली माझ्या पाच ओळी, शब्दशः, एकेक अक्षर वीतभर. दिलगीर आहोत हे शब्द पिवळ्या रंगात. चारी बाजूंनी ग्रामपंचायत सदस्यांचे फोटो. उजव्या कोपऱ्यात, हात जोडलेल्या अवस्थेत, उद्घाटनाला न आलेले पुढारी.

नोकरीत मी किती दुरुस्त्या लिहिल्या याची नोंद ठेवली नाही. लोकांनी थांबून वाचलेली ही एकच.

चौथ्या गुरुवारी मी पुन्हा गेलो. कापडवाला आला होता, मसालेवालाही. उशिरा आलेल्यांना शाळेच्या भिंतीपर्यंत जागा मिळत नव्हती आणि त्यावरून दोन भांडणं चालू होती. अनुसयाबाई एका भांडणात होत्या. त्यांनी मला पाहिलं, हाताने 'मोजा' अशी खूण केली आणि परत भांडायला लागल्या. मी मोजलं नाही. त्या दिवशीच्या बातमीत गंगाधररावांनी 'अलोट गर्दी' लिहिलं. ती संख्या नसल्यामुळे मी राहू दिली.

जाताना मी फ्लेक्ससमोर थांबलो. ऊन कडक होतं. माझी वाक्यं एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधी पाहिली नव्हती. 'नजरचुकीने' या शब्दाशेजारी एका सदस्याची मिशी आली होती. फ्लेक्सच्या खाली, त्याच्या सावलीत, ओळीने सात-आठ बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. पालकवाली म्हातारी अगदी मधे होती.

"आजी, वर काय लिहिलंय माहीत आहे का?" मी विचारलं.

"काय की बापा," ती म्हणाली. "कुन्या मोठ्या मानसानं मापी मागितली म्हनतेत." तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि टोपली एका बाजूला ओढून माझ्यासाठी वीतभर जागा केली. "तुमी उन्हात कामून उभे? या, हिकडं सावलीत सरका."

मी सरकलो.